फॉरमॅटचं सलाईन

अंगात कसकस आहे, गळून गेल्यासारखं वाटतंय, म्हणून दवाखान्यात जाऊन ‘डॉक्टर, एक सलाईन लावा’ असं स्वतःच सांगणारे रुग्ण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी भेटतात. बाटलीत असतं मीठ, फार तर साखर, आणि पाणी. पण ती लावली की काहीतरी मोठा उपचार झाल्याचं समाधान मिळतं; रुग्णाला, नातेवाइकांना आणि कधी कधी डॉक्टरलाही. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात या सलाईनचं नाव ‘फॉरमॅट’ आहे. मशीन हळू चालतंय? फॉरमॅट मारा. पंखा घोंघावतोय? फॉरमॅट मारा. प्रिंटर जोडला जात नाही, चित्र मध्येच गोठतं, बॅटरी तासाभरात संपते, मारा फॉरमॅट. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तपकीर गल्ली असो की एसटी स्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान, तपासणीच्या आधीच उपचार ठरलेला असतो.

संध्याकाळी लॅपटॉप परत मिळतो. कोरा करकरीत, झटपट सुरू होणारा. मालक खूश होऊन पैसे देतो. त्याच्या मशीनमधून नेमकं काय काढून टाकलं आहे, हे त्याला त्या दिवशी कळत नाही. बहुतेकांना ते कधीच कळत नाही.

काढून टाकलेली ती वस्तू म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कवर कंपनीने राखून ठेवलेला एक छुपा कप्पा, रिकव्हरी पार्टिशन. लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हा तो जसा होता, तशी त्याची आख्खी प्रत या कप्प्यात असते: विंडोज, त्या मॉडेलला लागणारे ड्रायव्हर, कंपनीने सोबत दिलेले प्रोग्रॅम. काही बिघडलं तर याच प्रतीवरून मशीन पुन्हा पहिल्यासारखं करता यावं, एवढाच तिचा उपयोग. या कप्प्याची किंमत ग्राहकाने लॅपटॉपबरोबरच मोजलेली असते. डिस्कवरची ती जागाही त्याच्याच मालकीची. आणि तरीही दुकानदार ‘पार्टिशन सगळी उडवून’ नव्याने विंडोज टाकतो, तेव्हा मालकाला साधं विचारतही नाही. घराची डागडुजी करायला आलेल्या गवंड्याने माळ्यावरची ट्रंक भंगारात टाकून द्यावी आणि वर मजुरीही घ्यावी, असा हा प्रकार आहे.

‘छुपा’ हा शब्द थोडा फसवा आहे. हा कप्पा कुलूपबंद नसतो. विंडोजमध्ये प्रत्येक विभागाला सी, डी, ई असं अक्षर मिळतं. या कप्प्याला ते दिलेलं नसतं, म्हणून तो फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. दारावर पाटी नसलेली खोली म्हणावी तसं. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं की पट्टीच्या टोकाला ‘रिकव्हरी पार्टिशन’ असं लिहिलेला तुकडा लगेच दिसतो. कधी एक, कधी दोन. त्यातला पाचशे एमबी ते एक जीबीच्या आसपासचा लहान तुकडा हा विंडोजचा आपत्कालीन कक्ष असतो. मुख्य विंडोज उठत नसेल तेव्हा मशीन तिथून सुरू होतं. दहा-वीस जीबीचा मोठा तुकडा असेल, तर ती लॅपटॉप कंपनीने ठेवलेली आख्खी इमेज.

याच तुकड्यावर एक जुना आरोप आहे, तो खोडून काढायला हवा. ‘५०० जीबीचा लॅपटॉप घेतला, दिसतात ४६५, बाकीचे कंपनीने लपवले,’ असं अनेकजण म्हणतात. खरं कारण वेगळं आहे. डिस्क बनवणारे जीबी मोजतात तो दशमान पद्धतीने, म्हणजे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. विंडोज मोजतं ते दोनाच्या घातात, एक जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बाइट, सुमारे १०७ कोटी. त्या हिशेबाने ५०० जीबीचे ४६५ होतात आणि एक टीबीचे ९३१. रिकव्हरी कप्प्याने खाल्लेली जागा ही त्यानंतरची, आणि ती तुलनेने किरकोळ असते. ‘जागा वाढवून देतो’ असं सांगून हा कप्पा उडवणारे दुकानदार ग्राहकाला पंधरा जीबी देतात आणि त्याच्या बदल्यात त्याचा परतीचा रस्ता घेतात. हा सौदा कुणी समजून-उमजून केला तर हरकत नाही. समजून कुणी करत नाही, हीच अडचण आहे.

एकेकाळी लॅपटॉपच्या खोक्यातच सीडी किंवा डीव्हीडी मिळायच्या. कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी त्या बंद केल्या आणि इमेज डिस्कवरच ठेवायला सुरुवात केली. ग्राहकाने पहिल्या दिवशी आपल्या खर्चाने डीव्हीडी जाळून घ्याव्यात, अशी सूचना पडद्यावर यायची. तिच्यावरचं ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबणं हा जणू राष्ट्रीय रिवाज होता. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि रीसेटची सोय विंडोजमध्येच आली. २०१५च्या विंडोज १०ने आणखी पुढे जाऊन वेगळी इमेज ठेवण्याची गरजच काढून टाकली. चालू विंडोजच्याच फाइलींतून नवं विंडोज उभं करायचं. त्यामुळे मॉडेलप्रमाणे ४ ते १२ जीबी जागा वाचेल, असं मायक्रोसॉफ्टने तेव्हा सांगितलं होतं. २०२० पासून ‘क्लाउड डाउनलोड’ हा पर्यायही आला, म्हणजे ताजं विंडोज इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं. त्याला चार जीबीच्या आसपास डेटा लागतो. शहरात फायबर असेल तर हे सोपं आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी डिस्कवरचा तो जुना कप्पाच बरा.

हा कप्पा उघडायची किल्ली मात्र प्रत्येक कंपनीने वेगळी ठेवली आहे, आणि ती कुठे लिहिलेली सापडत नाही. एचपीच्या मशीनला सुरू होताना एफ११. एसरला ऑल्ट आणि एफ१० एकत्र, तेही बायोसमध्ये ‘डीटूडी रिकव्हरी’ चालू असेल तरच. असूसला एफ९. जुन्या तोशिबाला शून्याचा आकडा दाबून धरायचा. लेनोव्होच्या अनेक मॉडेलांना तर कडेला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यात सिमकार्डची पिन घालून आतलं बटण दाबावं लागतं. त्या भोकाला मायक्रोफोन समजणारे कितीतरी असतील. यातलं काहीच आठवलं नाही, तर विंडोज चालू असताना शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करणं हा सर्वांना लागू पडणारा मार्ग आहे. आणि विंडोज लागोपाठ सुरू होऊ शकलं नाही, तर मशीन बहुधा आपणहून या कक्षात जातं. त्या वेळी पडद्यावर येणारा निळा फलक पाहून घाबरून लॅपटॉप बंद करण्याची गरज नसते. दार तिथेच उघडलेलं असतं.

दुकानातल्या फॉरमॅटमध्ये दुसरी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे विकत घेतलेलं विंडोज. विंडोज ८ पासून लॅपटॉपबरोबर येणाऱ्या विंडोजची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. डिस्क बदलली, पुसली, जाळली तरी ती जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज फुकट उतरवून पेन ड्राइव्हवर घेतलं आणि तीच आवृत्ती, म्हणजे होमला होम, पुन्हा टाकली, तर इंटरनेट मिळताच ते आपोआप अधिकृत होतं. एक पैसा लागत नाही. तरीही ‘विंडोज टाकण्याचे’ वेगळे पैसे लावले जातात आणि टाकलं जातं ते चोरीचं ‘प्रो’. का, तर दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर तेच तयार असतं. ते अधिकृत भासवणारी हत्यारं चालावीत म्हणून अँटिव्हायरस बंद करावा लागतो, अनेकदा अपडेटही बंद केले जातात. घेताना कायदेशीर असलेला लॅपटॉप दुरुस्तीनंतर बेकायदा आणि असुरक्षित होऊन घरी येतो. (डॉस किंवा लिनक्सवर विकलेल्या स्वस्त मॉडेलांना हे लागू नाही, त्यांच्यात विंडोजची किल्ली मुळातच नसते, आणि विंडोजचा रिकव्हरी कप्पाही नसतो.)

तेव्हा सगळा दोष दुकानदाराचा, आणि छुप्या कप्प्यातून केलेला फॅक्टरी रीसेट म्हणजे रामबाण, असा निष्कर्ष काढायचा का? तसंही नाही. घरी केलेला रीसेटही सलाईनच ठरू शकतो.

लॅपटॉप हळू होण्याची सर्वांत साधी कारणं तपासली तर त्यातली निम्मी रीसेटने बरी होणारी नसतात. पाच-सात वर्षं जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क थकलेली असते. तिच्यावरचे खराब झालेले भाग ती स्वतःच मोजत असते, आणि तो आकडा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. असा आकडा वाढत असताना फॅक्टरी रीसेट करणं म्हणजे हृदयविकाराच्या रुग्णाला जिना चढायला लावणं. रीसेटमध्ये कित्येक जीबी डेटा त्या डिस्कवर तासन्‌तास लिहिला जातो. मरायला टेकलेली डिस्क याच वेळी मान टाकते, आणि तीही अर्ध्यावर, जेव्हा जुनं पुसलेलं आहे आणि नवं आलेलं नाही. शिवाय रिकव्हरी कप्पा असतो कुठे? त्याच डिस्कवर. औषधाची पेटी जळत्या घरातच ठेवलेली. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापत असेल तर तो स्वतःहून वेग कमी करतो. तिथे ब्रश आणि थर्मल पेस्ट लागते. चार जीबी रॅमवर ब्राउझरचे तीस टॅब उघडणाऱ्याला रीसेटने आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रीसेट ज्यावर खरोखर चालतो तो आजार म्हणजे बिघडलेलं सॉफ्टवेअर: अर्धवट राहिलेला अपडेट, एकमेकांशी भांडणारे ड्रायव्हर, चिकटलेलं अ‍ॅडवेअर, कुणी काय काय टाकलंय याचा हिशेबच न राहिलेलं मशीन. तिथे तो उत्तम आहे.

शस्त्रक्रियेआधी जशी संमती घेतात, तशी इथेही घेतली जाते, पण ती वाचतो कोण? ‘माझ्या फाइल्स ठेवा’ म्हटलं की फोटो, कागदपत्रं राहतात. पण नंतर टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातात. मराठी माणसाला याचा फटका जरा वेगळ्या ठिकाणी बसतो. वकिलांच्या, पत्रिका छापणाऱ्यांच्या, ग्रामपंचायतींच्या लॅपटॉपमध्ये श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमधल्या हजारो फाइली असतात. त्या युनिकोड नाहीत. फाँट गेला की त्या फाइली उघडतात, पण अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फाइल शाबूत आहे, वाचता मात्र येत नाही. टॅलीवर दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्यांना तो हिशेब कुठल्या फोल्डरमध्ये साठतो हे सहसा ठाऊक नसतं. तो ‘टॅलीत’ असतो, एवढंच माहीत. अशा मशीनवर ‘सगळं काढा’ हे बटण दाबलं गेलं की वर्षभराचा हिशेब गेला.

आणि डी ड्राइव्ह! आपल्याकडे लॅपटॉप घेतल्या घेतल्या डिस्कचे दोन भाग करून घेण्याची जुनी सवय आहे. सीमध्ये विंडोज, डीमध्ये लग्नाचे फोटो. ‘सी गेला तरी डी राहतो’ ही श्रद्धा त्यातूनच आली. विंडोजचा रीसेट खरोखरच विचारतो: फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह पुसायचा की सगळे? पण कंपनीच्या जुन्या रिकव्हरी प्रोग्रॅमपैकी काही जण आख्ख्या डिस्कची विभागणीच कारखान्यात होती तशी करतात, आणि कारखान्यात डी नव्हताच. रीसेटच्या आधी सगळे फोटो काळजीपूर्वक डीवर हलवून ठेवणाऱ्याचेच फोटो मग जातात. एकाच डिस्कचे दोन भाग म्हणजे दोन डिस्क नव्हेत. रीसेटपूर्वीची प्रत लॅपटॉपच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर असली तरच ती प्रत.

कारखान्यातली स्थिती म्हणजे शुद्ध स्थिती, हा आणखी एक गैरसमज. २०१४च्या उत्तरार्धात लेनोव्होने विकलेल्या काही मॉडेलांत ‘सुपरफिश’ नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर कंपनीनेच टाकलेलं होतं. ते सुरक्षित संकेतस्थळांच्या मध्ये आपलं बनावट प्रमाणपत्र घालायचं, आणि त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच होती; फेब्रुवारी २०१५ मध्ये एका संशोधकाने ती शोधून काढली. म्हणजे त्या लॅपटॉपवरचा बँकेचा व्यवहार कुणीही मध्येच वाचू शकला असता. हा रोग कारखान्यातल्या इमेजमध्येच होता, त्यामुळे अशा मशीनवर फॅक्टरी रीसेट करणं म्हणजे काढून टाकलेला रोग पुन्हा टोचून घेणं. अमेरिकेत २०१७ मध्ये कंपनीला यावरून ३५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. एवढं टोकाचं प्रकरण विरळा. पण चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस, खेळ, खरेदीची दुकानं हा कचरा बहुतेक फॅक्टरी इमेजबरोबर परत येतोच.

शिवाय इमेज शिळी असते. लॅपटॉप ज्या महिन्यात बनला, त्या महिन्यातलं विंडोज तिच्यात गोठलेलं. त्यानंतर बुजवलेली सगळी भोकं रीसेटनंतर पुन्हा उघडी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतल्या रुग्णालयांची यंत्रणा ठप्प केली, रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी लावलं नव्हतं ते सापडले. २०१२ चा विंडोज ७चा लॅपटॉप आज त्याच्या छुप्या कप्प्यातून पूर्ववत केला, तर तो त्या ठिगळाविनाच जागा होतो. विंडोज १०चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नावनोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत आहे, एवढंच. रीसेटनंतर आधी अपडेट आणि मगच बँक, हा क्रम म्हणून पाळायचा.

कप्प्याची देखभाल कुणाची, याचं उत्तर तर खुद्द बनवणाऱ्यांनाही नीट देता आलेलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच रिकव्हरी कक्षातली एक सुरक्षा-त्रुटी बुजवण्यासाठी विंडोज १०ला अपडेट पाठवला. जगभरातल्या असंख्य मशीनवर तो बसेना. कारण काय, तर त्या कप्प्यात जागाच पुरेशी नव्हती. कप्पा लहान ठेवला गेला होता, आणि तोही मायक्रोसॉफ्टच्याच इन्स्टॉलरने किंवा लॅपटॉप कंपनीने. पडद्यावर ०x८००७०६४३ असा काहीही बोध न करणारा आकडा यायचा. उपाय म्हणून काय सुचवलं? ग्राहकाने काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून मुख्य ड्राइव्ह २५० एमबीने आक्रसवावा, जुना कप्पा पुसावा आणि नवा करावा. घरातल्या आजोबांनी हे करावं अशी अपेक्षा! ज्या कंपनीने जिना अरुंद बांधला, तिनेच भाडेकरूला करवत आणून दिली. यात चूक ग्राहकाची काडीची नव्हती, आणि धोका सगळा त्याचा.

नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक कुलूप आलं आहे. डिस्क कूटबद्ध करणारं ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या होममध्येही. चोरीच्या दृष्टीने हे फार चांगलं आहे. पण रिकव्हरी कक्षात शिरून काही दुरुस्त करायचं म्हटलं की मशीन ४८ आकडी किल्ली मागू शकतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, तेव्हा अनेक कार्यालयांत दुरुस्ती याच किल्लीपाशी अडली होती. घरच्या लॅपटॉपची ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. ते खातं मात्र दुकानातल्या मुलाने विक्रीच्या दिवशी घाईघाईत उघडून दिलेलं असतं, आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. सगळं पुसून टाकायला ही किल्ली लागेलच असं नाही. आतलं काही वाचवायचं असेल तर मात्र तिच्याशिवाय मार्ग नाही.

सर्वांत गंभीर गैरसमज लॅपटॉप विकताना होतो. ‘रीसेट मारलाय, आता आत काही नाही,’ असं म्हणून तो ऑनलाइन किंवा भंगारवाल्याला दिला जातो. फिरत्या हार्ड डिस्कवर साधा रीसेट किंवा क्विक फॉरमॅट केल्याने फक्त फाइलींची नोंद जाते. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं तरी शेतातलं पीक उभंच असतं, तसं. एमआयटीतल्या सिमसन गारफिंकल आणि अभि शेलट यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत आजही वाचण्यासारखा आहे. त्यांनी १५८ जुन्या डिस्क विकत आणल्या. त्यातल्या १२९ चालू स्थितीत होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक, पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती असं बरंच काही सापडलं. त्यासाठी त्यांना कुठलीही जादू करावी लागली नाही.

विंडोजच्या रीसेटमध्ये ‘ड्राइव्ह पूर्ण साफ करा’ असा पर्याय असतो. त्याला काही तास लागतात, म्हणून तो टाळला जातो. फिरत्या डिस्कसाठी तोच हवा. एसएसडीची गोष्ट निराळी. तिथे पुसलेले भाग डिस्क स्वतःच रिकामे करत जाते, त्यामुळे परत मिळण्याची शक्यता कमी. पण राखीव ठेवलेल्या भागांत काही उरू शकतं, आणि वरून पुन्हा पुन्हा लिहून ते जाईलच अशी खात्री नाही. सर्वांत स्वच्छ उपाय आहे तो आधीपासून कूटबद्ध असलेल्या डिस्कचा: किल्ली नष्ट केली की सगळा मजकूर क्षणात निरर्थक होतो. नव्या मॅकबुकमधलं ‘सगळं पुसा’ काही मिनिटांत होतं ते याच तत्त्वावर. म्हणजे ज्या एन्क्रिप्शनला लोक दुरुस्तीच्या वेळी शिव्या घालतात, तेच विक्रीच्या वेळी कामाला येतं.

हे आरोग्याच्या पानावर का, असं कुणाला वाटेल. तर छोट्या दवाखान्यांकडे पाहावं. एका टेबलावर एकच लॅपटॉप: त्यावर रुग्णांच्या नोंदी, रक्ताचे अहवाल, सोनोग्राफीचे ‘फॉर्म एफ’, आणि संध्याकाळी डॉक्टरांच्या मुलाचे खेळ. तो हळू चालतो म्हणून कंपाउंडरबरोबर दुकानात पाठवला जातो. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं आणि गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालच्या नोंदी किमान दोन वर्षं जपणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ‘फॉरमॅटमध्ये गेल्या’ हे उत्तर तपासणी पथकाला चालत नाही. उलट बाजूने, त्याच लॅपटॉपची जुनी डिस्क दुकानातल्या पेटीत पडून राहिली, तर कुणाची गर्भपाताची नोंद, कुणाचा एचआयव्हीचा अहवाल कुठे जाईल याचा नेम नाही. एकाच फॉरमॅटमध्ये हवं ते गेलं आणि नको ते राहिलं, असं दोन्ही एकदम होऊ शकतं. रुग्णाचा केसपेपर रद्दीत न देणारे डॉक्टरही ही काळजी घेताना दिसत नाहीत.

उपाय महाग नाहीत. नवा लॅपटॉप घरी आला की त्याच आठवड्यात ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजच्या ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ या सोयीने प्रत काढायची, वर मॉडेलचं नाव लिहून ती वॉरंटी कार्डाच्या पाकिटात टाकायची. पुढे हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची वेळ आली, आणि जुन्या लॅपटॉपवरचा तो सर्वांत गुणकारी उपचार आहे, तरी छुपा कप्पा जुन्या डिस्कबरोबर जातो. तेव्हा हीच प्रत लागते. पण हा सगळा भार ग्राहकावर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. पंख्याच्या खोक्यावर वॉटची संख्या छापावी लागते, औषधाच्या पट्टीवर मुदत. लॅपटॉपच्या तळाशी मात्र डझनभर देशांची चिन्हं असतात आणि रिकव्हरीची कळ कोणती, ही एक ओळ नसते. ती छापायला कंपनीला काहीही खर्च नाही. शाळा-महाविद्यालयांना आणि सरकारी कार्यालयांना शेकड्याने लॅपटॉप पुरवले जातात, त्या निविदांत प्रत्येक मॉडेलमागे एक रिकव्हरी पेन ड्राइव्ह मागणं अवघड नाही. एका मॉडेलच्या शंभर मशीनना एक प्रतही पुरते.

राहिले दुकानदार. त्यांच्यातल्या अनेकांचे हात कुशल असतात, आणि ग्राहकच दारात उभा राहून ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणतो हेही खरं. तरी पावती फाडताना चार गोष्टी लिहून घेता येतील: डिस्कची तब्येत तपासली का, कुठल्या फाइलींची प्रत घेतली, रिकव्हरी पार्टिशन ठेवायचं की काढायचं, आणि कुठलं विंडोज टाकलं. खाली ग्राहकाची सही. जुनी डिस्क काढली असेल तर ती ग्राहकाच्या हातात परत. गॅरेजवाला बदललेला जुना पार्ट पिशवीत घालून दाखवतो, तसंच हे.